ठिपक्याचा पाय

"मग समज जाते कुठे, भन्ते?"

भन्ते उपसेन ओसरीत बसून माईकच्या वायरीचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाचा गेली, ते मला कळतं," सुगत म्हणाला. "पण माणूस समोर बसलेलं असतं. डोळे उघडे असतात. आणि आत कोणी नसतं… ती समज जाते कुठे?"

भन्तेंनी एक गाठ सोडवली. दुसरी हातात घेतली.

"आत कोणी नाही, हे तुला कसं कळलं?"

सुगतनं अंगणाकडे पाहिलं.

विहार पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावरच्या टेकाडावर होता. सकाळचे दहा वाजले असतील. थंडी नुकती पडू लागली होती. अंगणात एक गाडी दोन्ही दारं उघडी टाकून उभी होती, आणि पिंपळाखाली चाकाच्या खुर्चीत सुगतची आई बसली होती. पारबताबाई रामटेके. अंगावर शाल, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. शेजारी सुगतची बायको करुणा संत्र्याच्या फोडी सोलून एकेक त्यांच्या तोंडात देत होती.

पारबताबाईंनी पस्तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. दर पौर्णिमेला त्या ह्या विहारात येत. आषाढात त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

आज सुगत त्यांना नागपूरला पोचवायला निघाला होता. तिथं एक शुश्रूषालय होतं. दुपारी दोनची वेळ ठरली होती. विहार त्या वाटेवर नव्हता, तरी वाट वाकडी करून तो इथं थांबला. आईला शेवटचं वंदन करू द्यावं, असं करुणाचं म्हणणं होतं. सुगतला मात्र भन्तेंना एक प्रश्न विचारायचा होता.

तो त्यानं विचारला होता. उत्तर मिळालं नव्हतं.

"कसं कळलं?" भन्तेंनी पुन्हा विचारलं.

"डब्यानं सांगितलं."

मग त्यानं सगळी हकीकत सांगितली.

सुगत भंडाऱ्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. घरीही त्याला तोच नाद. एका खोलीत टेबल, त्यावर तारा, चिप्स, सोल्डरचे डाग द्यायची इस्त्री. आईची वाचा गेल्यावर त्यानं तिच्यासाठी एक बोलका डबा केला. डब्यावर सात मोठी बटणं. पाणी, भूक, दुखतंय, झोप, संडास, पंखा, आणि सातवं सुगतला हाक मारायला. बटण दाबलं की तो शब्द डब्यातून ऐकू येई. आवाज करुणाचा होता. सातवा शब्द बोलताना ती तीनदा हसली होती, कारण लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी नवऱ्याला नावानं हाक मारायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

पहिले पंधरा दिवस डबा उत्तम चालला. आईला तहान लागली की डबा पाणी म्हणे. आई डाव्या हाताच्या एका बोटानं दाबायची. सुगतनं कॉलेजात सगळ्यांना दाखवलं. प्राचार्यांनी वाखाणलं.

मग एका रात्री पाणी पिताना आईला ठसका लागला. श्वास अडकला. वेळेवर कळलं म्हणून निभावलं. त्या रात्रीपासून सुगत शेजारच्या खोलीत झोपेनासा झाला. आईच्या खाटेजवळ खुर्ची टाकून तो बसून राहू लागला.

आणि त्याच सुमाराला आईचं बिघडलं.

ती बोटं फाकवून हात डब्यावर टेकवायची. डबा एका दमात सातही शब्द बोलायचा. पाणी, भूक, दुखतंय, झोप, संडास, पंखा, सुगत. सुगत उठून विचारायचा, काय हवं? पाणी? ती मान हलवायची, नाही. दुखतंय का? नाही. पुन्हा बोटं फाकवायची. पुन्हा सातही शब्द.

सुगतनं तिचा हात हातात घेऊन चार बोटं मिटवली, एकच पुढे केलं आणि दाबून दाखवलं. डबा बरोबर बोलला. त्यानं हात सोडला, की तिची बोटं पुन्हा फाकलेली.

"असं किती दिवस?" भन्तेंनी विचारलं.

"तीन महिने. रोज. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आत आणखी एखादा छोटा झटका येऊन गेला असेल. कधीकधी बोलण्यामागोमाग समजही जाते, म्हणाले."

"डॉक्टरांनी डबा पाहिला?"

"नाही. त्यांना डब्यातलं काय कळणार?"



सुगत म्हणाला की तीन आठवड्यांपूर्वी त्यानं डबा काढून घेतला. डबा तसा बडबडायला लागला की आईचा चेहरा बघवत नसे. डबा नेल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून ती कशाला हात लावत नव्हती, खूणही करत नव्हती. तेव्हा त्याची खात्री पटली.

"डबा कुठे आहे?"

"गाडीत आहे. सुटे भाग काढून मुलांना प्रॅक्टिकलला देईन म्हणतो."

"आण बरं."

सुगतला ते आवडलं नाही.

"डब्यात दोष नाही, भन्ते. मी स्वतः केलाय. चारशे वेळा तपासलाय."

"आण."

भन्ते उपसेन चीवर घेण्याआधी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. अजूनही आजूबाजूच्या पाच-सहा गावांतले बिघडलेले लाउडस्पीकर आणि रेडिओ त्यांच्याकडे येत. सुगतला हे माहीत होतं. पण तो काळ जाडजूड तारांचा होता, असं त्याला वाटे.

त्यानं डबा आणून चटईवर ठेवला. कळ चालू केली. मग शिकवण्याच्या सुरात म्हणाला, "बघा." आणि एकेक बटण दाबत गेला.

पाणी.

भूक.

दुखतंय.

सातही बटणं चोख बोलली. पिंपळाखाली करुणानं आपलाच आवाज ऐकून इकडे पाहिलं. पारबताबाईंनी पाहिलं नाही.

"चारशे वेळा असंच तपासलंस?"

"हो."

"कोणत्या बोटानं?"

सुगतनं तर्जनी वर केली.

भन्तेंनी वायर बाजूला ठेवली. डबा जवळ ओढला. उजव्या हाताची दोन बोटं दोन बटणांवर ठेवली.

"एका वेळी एकच दाबायचं असतं, भन्ते."

"असं कोण म्हणालं?"

"माणूस एका वेळी एकच गोष्ट मागतो."

भन्तेंनी दोन्ही बटणं एकदम दाबली.

डबा बोलू लागला. पाणी. भूक. दुखतंय. झोप. संडास. पंखा. सुगत.



भन्तेंनी दुसरी दोन बटणं दाबली. डब्यानं पुन्हा सातही शब्द म्हटले, त्याच क्रमानं, शांतपणे.

"माझीही समज गेली म्हणायची," भन्ते म्हणाले. "गाडीत जागा आहे का? मलाही ने नागपूरला."

सुगतनं डबा त्यांच्या हातून घेतला. स्वतः दोन बोटांनी दाबून पाहिलं. मग वेगळी दोन. मग आणखी वेगळी. दर वेळी सातही शब्द.



"प्रोग्रॅम तसा लिहिलेला नाही," तो म्हणाला. "दोन दाबली तर दोनच बोलायला हवीत…"

"उघड."

त्यानं चार स्क्रू काढून तळाचं झाकण उघडलं. आतलं काम देखणं होतं. तारा एका ओळीत, डाग चमकदार, प्रत्येक भागावरची अक्षरं एकाच दिशेला, पुस्तकासारखी वाचता येतील अशी. भन्ते थोडा वेळ नुसते बघत राहिले. हात चांगला आहे, असं त्यांनी मनापासून म्हटलं.

मग त्यांनी एका काळ्या, कंगव्यासारख्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"रेझिस्टर ॲरे. सुटे रेझिस्टर लावण्यापेक्षा जागा वाचते." सुगतचा आवाज सावरला. हा त्याच्या वर्गातला धडा होता. "आत आठ रेझिस्टर असतात, भन्ते. प्रत्येकाचं एक टोक वेगळं, आपापल्या पायाचं. आणि आठांची दुसरी टोकं आतल्या आत एकत्र बांधलेली. ती मिळून एकाच पायातून बाहेर येतात. म्हणून पाय नऊ."

"एकत्र बांधलेला पाय कशाला जोडायचा?"

"प्लसला. म्हणजे प्रत्येक बटणाला आपापल्या रेझिस्टरमधून वरून आधार मिळतो. एक बटण दाबलं की तेवढंच खाली येतं. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही."

"आणि नवांतला तो पाय ओळखायचा कसा? सगळे सारखेच दिसतात."

"त्याच्या वर ठिपका असतो."

"दाखव."

सुगतनं बोट पुढे केलं… आणि ते मध्येच थांबलं.

पट्टीच्या डाव्या टोकाला प्लसची लाल तार होती. तिथं ठिपका नव्हता.

ठिपका उजव्या टोकाला होता. आठव्या बटणासाठी सोडलेल्या, पुढे कधी वापरलीच न गेलेल्या रिकाम्या जागेवर.

नदीपलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज.

"अक्षरं…" सुगत म्हणाला. "ह्या पट्टीवर एकाच बाजूला छापलेलं असतं. सगळ्या भागांची अक्षरं समोर यावीत म्हणून मी… फिरवून लावली."

भन्तेंनी खोलीतून आपला जुना मीटर आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याची गरज नव्हती. तरी सुगतनं मोजलं. ठिपक्याच्या पायापासून कुठल्याही पायापर्यंत दहा हजार ओहम. बाकीच्या कुठल्याही दोन पायांमध्ये वीस हजार. पट्टी ठणठणीत होती. फक्त उलटी बसली होती.

आठांनी मिळून ज्याला धरायचं, तो आधारच त्यांना मिळाला नव्हता. एकाच रेझिस्टरमधून वरून येईल तेवढ्यावर सगळी लोंबकळत होती, आणि आतून एकमेकांना बांधलेली होती. एक बटण दाबलं की बाकीची अर्ध्यापर्यंत कलत, पण पडत नसत. म्हणून एका बोटाला डबा खरं बोलायचा. दोन दाबली की सगळीच कोसळत.

हे सगळं सुगतच्या डोक्यात एका क्षणात उलगडलं. फळ्यावर लिहायची गरज पडली नाही.

"मी एकेकच दाबून पाहिलं," तो हळू आवाजात म्हणाला. "चारशे वेळा."

मग तो पिंपळाकडे वळला. आई नदीकडे बघत होती.

"म्हणजे आई…"



भन्तेंनी खोलीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात डाग द्यायची इस्त्री, कथिलाची तार, कथिल ओढायचा पंप होता. त्यांनी इस्त्री भिंतीवरच्या विजेच्या बटणाला लावली आणि सुगतच्या पुढे सरकवली.

"आधी काढ ती."

नऊ पायांची पट्टी काढणं सोपं नसतं. एक पाय तापवून मोकळा करावा, तोवर आठ जण बोर्डाला घट्ट धरून असतात. सुगतनं हे काम शेकडो वेळा केलं होतं, पण आज त्याला घाई झाली होती. तीन पाय मोकळे झाल्यावर तो पट्टी चिमट्यानं ओढू लागला.

"सावकाश," भन्ते म्हणाले. "नऊही सुटल्याशिवाय एकही सुटत नाही."

सुगतनं चिमटा खाली ठेवला.

मग त्यानं एकेक पाय घेतला. तापव, ओढ, बघ. पाचवा पाय अडून बसला. त्याला पुन्हा नवं कथिल पाजावं लागलं. भन्ते आरसा धरून ऊन बोर्डावर पाडत राहिले, म्हणजे सुगतला आतलं दिसावं. ऊन सरकलं की तेही सरकत.

साडेअकराला गावातल्या एका बाईनं भन्तेंसाठी भोजनाचं ताट आणून झाकून ठेवलं. करुणानं ते पाहिलं. बारानंतर भिक्षू जेवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पावणेबारा झाले तेव्हा तिनं येऊन हळूच सांगितलं. भन्ते मानेनंच हो म्हणाले आणि आरसा धरून राहिले.

बारा वाजून गेले.

पट्टी निघाली तेव्हा सव्वाबारा झाले होते. सुगतनं ती तळहातावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी फिरवून पाहिली. मग ठिपक्याचा पाय लाल तारेच्या बाजूला ठेवला आणि पुन्हा डाग दिले. आता पट्टीवरची अक्षरं डब्याच्या आतल्या भिंतीकडे गेली होती. काम पहिल्याइतकं देखणं दिसत नव्हतं.

त्यानं कळ चालू केली. दोन बटणं एकदम दाबली.

भूक. पंखा.

दुसरी दोन दाबली.

पाणी. दुखतंय.

डबा तेवढंच बोलून गप्प झाला. सुगतनं इतका मोठा श्वास सोडला की करुणा उठून जवळ आली. त्यानं तिला सगळं सांगितलं. बोलताना त्याची दोन वाक्यं अर्धीच राहिली. ती ऐकून करुणा ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"तीन महिने…" ती म्हणाली. "आपण त्यांना तीन महिने…"

भन्ते म्हणाले, "डबा कोणाचा आहे?"

दोघं उठले.

सुगतनं डबा आईच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नजर नदीवरच होती.

तो खुर्चीसमोर उकिडवा बसला. सवयीनं त्यानं तिचा डावा हात हातात घेतला, बोटं मिटवायला. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात सोडून दिला.

"आई," तो म्हणाला, "डबा चुकत होता. मी चुकीचा केला होता. तू बरोबर दाबत होतीस."

पारबताबाईंनी मान वळवली. त्या मुलाकडे बघत राहिल्या. अर्धा चेहरा हलत नव्हता. पण उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर जे होतं, ते आत कोणी नसलेल्या माणसाचं नव्हतं.

त्यांचा हात हलला. डब्यावर आला. बोटं फाकली. अंगठा एका बटणावर, करंगळी दुसऱ्या.

करुणाचा आवाज उमटला.

"झोप. सुगत."

सुगत लगेच उठला. तिला झोप येत असेल, सकाळपासून बसूनच आहे, असं म्हणत त्यानं खुर्चीची पाठ मागे केली, शाल गळ्यापर्यंत ओढली, उन्हाची तिरीप तोंडावर येऊ नये म्हणून खुर्ची फिरवली.

पारबताबाईंनी शालीतून हात बाहेर काढला. त्याला वेळ लागला. डबा चाचपून पुन्हा तीच दोन बटणं दाबली.

"झोप. सुगत."

"हो आई, झोप तू. मी इथेच आहे."

पुन्हा तीच दोन बटणं. ह्या वेळी जरा जोरात.

"झोप. सुगत."

करुणाच्या हातात संत्र्याची फोड तशीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आई काही मागत नाहीयेत. तुम्हाला सांगताहेत."

सुगतनं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे.

त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तीन महिन्यांत तो सलग दोन तास झोपला नव्हता. खुर्चीतच मान खाली पडायची, दचकून वर व्हायची. आणि खाटेवरून कोणीतरी ते रोज बघत होतं. रोज बोटं फाकवून तेच सांगत होतं. आणि तो उठून विचारत होता, पाणी हवं का.

त्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

"झोपतो, आई," तो म्हणाला.

तो ओसरीत आला आणि चटईवर आडवा झाला. भन्तेंनी एक घडी केलेली चादर त्याच्या डोक्याखाली दिली. तो काहीतरी बोलणार होता… पण त्याआधीच त्याला झोप लागली.

भन्तेंनी झाकलेलं ताट करुणापुढे ठेवलं. आईला आणि तिला त्यांनी जेवायला सांगितलं. वरण-भात होता, वांग्याची भाजी होती. करुणा नको म्हणत होती, तेवढ्यात डबा बोलला.

"भूक."

मग दोघी एकाच ताटात जेवल्या.

दोन वाजता करुणानं नागपूरला फोन लावला. आम्ही येत नाही, असं तिनं सांगितलं. मग कधीची तारीख देऊ, असं पलीकडून विचारलं. ती म्हणाली, तारीख नको. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पिंपळाच्या पारावर नुसती बसून राहिली. खांद्यावरचं ओझं उतरल्यावर खांदा जसा काही काळ हलका हलका वाटतो, तसं तिला वाटत होतं.

थोड्या वेळानं डबा म्हणाला, "पंखा."

उघड्या अंगणात, थंडीच्या दिवसांत. करुणा गोंधळली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग तिला दिसलं की सासूबाईंच्या ओठाचा एक कोपरा वर गेला आहे. त्या थट्टा करत होत्या.

करुणानं पदराच्या टोकानं त्यांना वारा घातला. दोघी हसल्या. एकीचं हसू अर्ध्या चेहऱ्याचं होतं, पण आवाज दोघींचा आला. त्या आवाजानंही सुगत जागा झाला नाही.

चार वाजता त्याचे डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे त्याला क्षणभर कळेना. मग सगळं आठवलं आणि तो झटकन उठून बसला. दोनची वेळ टळली होती. करुणानं नजरेनंच सांगितलं, झालं ते.

त्यानं तोंड धुतलं. भन्तेंसमोर बसून त्रिवार वंदन केलं. मी हे मुलांना शिकवतो, भन्ते, असं तो म्हणाला. वीस वर्षं. ठिपका बघा, असं दर वर्षी फळ्यावर लिहितो.

भन्ते म्हणाले की एक्स्चेंजमध्ये असताना त्यांनी एकदा आख्ख्या गल्लीचे फोन एकमेकांना जोडून दिले होते. चार दिवस कोणी तक्रार केली नाही. लोक आपसात बोलत बसले होते.

सुगत हसला. कित्येक महिन्यांनी हसला असावा, कारण करुणानं वळून पाहिलं.

निघायची तयारी झाली. दोघांनी मिळून पारबताबाईंना गाडीत पुढच्या जागेवर बसवलं. डबा मांडीवर ठेवला. गाडीचं तोंड भंडाऱ्याकडे होतं. भन्ते अंगणातली पिंपळाची पानं झाडून एका बाजूला करत होते.

सुगत त्यांच्याजवळ आला. झोपेनं त्याचा चेहरा उजळला होता आणि डोळ्यांत जुनी हुशारी परतली होती.

"मी हिशेब केला, भन्ते. सात बटणं. दोन-दोन घेतली तर एकवीस जोड्या होतात. तीन-तीन घेतली तर पस्तीस. म्हणजे आईला नुसत्या सात गोष्टी नाही, कितीतरी सांगता येतील. मी एक तक्ता करणार आहे. प्रत्येक जोडीचा काय अर्थ धरायचा, तो त्यात लिहून ठेवीन." तो थोडा थांबला. "फक्त सुरुवात कुठून करू ते समजत नाही. तिला काय काय सांगायचं असेल, भन्ते?"

भन्तेंनी झाडू थांबवला. गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. पारबताबाई दोघांकडे बघत होत्या.

"मला काय विचारतोस?" भन्ते म्हणाले.